देशी वाहन की परदेशी? मराठवाड्याच्या रस्त्यांवरचा नव्वद वर्षांचा हिशेब

१/
ट्रक असो वा मोटार, ती दहा-पंधरा वर्षे सांभाळायची असेल तर देशी घ्यावी की परदेशी? हा वाद चहाच्या टपरीवर जितका रंगतो, तितकाच लग्नाच्या मांडवातही. एक म्हणतो, परदेशी गाडीचा पत्रा पाहा. दुसरा म्हणतो, टाटाचा स्पेअर कुठेही मिळतो. या वादाला मोठा इतिहास आहे आणि छत्रपती संभाजीनगर हे शहर त्याचे उत्तम साक्षीदार आहे. त्या इतिहासाचा हा धागा.

२/
आरंभीच दोन गुण वेगळे करू. पहिला टिकाऊपणा, म्हणजे गाडी किती दिवस बिघडत नाही. दुसरा दुरुस्तीसुलभता, म्हणजे बिघडली तर किती लवकर, किती खर्चात आणि किती जवळ सुधारता येते. नवी गाडी घेताना आपण पहिला गुण पाहतो. दहा वर्षांनंतर मात्र मालकाचे सुखदुःख दुसऱ्यावर अवलंबून असते. पुढील सारा इतिहास या दोन गुणांच्या ओढाताणीचा आहे.

३/
प्रारंभ निजामाच्या राजवटीपासून. औरंगाबाद तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. त्या गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. बांधणी दणकट, नावलौकिक मोठा. मात्र अस्सल सुटा भाग हवा असेल, तर त्याचा रस्ता समुद्रापलीकडून येत असे.

४/
शांततेच्या काळात हे अंतर जाणवत नाही, संकटात जाणवते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे वाहन कारखाने लष्करी उत्पादनाला जुंपले गेले. भारतात पेट्रोलची टंचाई झाली आणि अनेक ठिकाणी बस व ट्रकना कोळशाच्या वायूची यंत्रे जोडावी लागली. गाडी कितीही भक्कम असली, तरी तिचे इंधन आणि तिचे भाग दुसऱ्याच्या बंदरातून येत असतील तर तिचे आयुष्य मालकाच्या हाती राहत नाही. हा पहिला धडा.

५/
तिकडे मुंबईत दुसरा प्रयोग सुरू होता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळवणीचा कारखाना काढला. विलायतेहून पेट्यांत भाग यायचे, येथे ते जोडले जायचे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ मध्ये तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या साहाय्याने जोडलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. नाव भारतीय, कामगार भारतीय, पेटीतील माल मात्र अमेरिकन.

६/
नुसती जुळवणी म्हणजे उत्पादन नव्हे, अशी स्वतंत्र भारताच्या सरकारची भूमिका होती. १९५३ च्या जकात आयोगाच्या अहवालानंतर धोरण ठरले: जे टप्प्याटप्प्याने येथेच भाग बनवतील त्यांनी राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतील गाशा गुंडाळला. कंपनी निघून जाते, गाडी आणि गाडीचा मालक मागे उरतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

७/
१९५४ मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांच्यात १५ वर्षांचा करार झाला. जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. त्यांच्या जाळीवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी झळकत असे. मर्सिडीज म्हणजे श्रीमंतांची मोटार, ही आजची समजूत. पण सामान्य भारतीयाला ती चांदणी प्रथम दिसली ती मालाने लादलेल्या ट्रकवर.

८/
१९६९ मध्ये करार संपला. चांदणी उतरली आणि तिच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. दुसऱ्या दिवशी ट्रक बदलला का? मुळीच नाही. रचनेचा मूळ वंश जर्मनच होता. फरक या पंधरा वर्षांत हळूहळू पडत आला होता: ओतकाम, घडाई, गिअर, आस असे एकेक काम येथे होऊ लागले होते आणि गावोगावच्या मिस्त्र्यांना ते इंजिन तोंडपाठ झाले होते. परदेशी यंत्र देशी होते ते असे.

९/
हीच प्रक्रिया एसटीच्या घरातही घडली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली बस ब्रिटिश बनावटीची बेडफोर्ड होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकाराला आले. महामंडळाने तीन मध्यवर्ती कार्यशाळा उभारल्या: पुण्यात दापोडी, नागपुरात हिंगणा आणि आपल्या शहरात चिकलठाणा.

१०/
चिकलठाण्याचे महत्त्व येथे आहे. महामंडळ टाटा वा अशोक लेलँडची नुसती चासी घेई आणि तीवर बसचा सांगाडा स्वतःच्या कार्यशाळेत चढवी. जुन्या चासीवर नवा सांगाडा बसवून गाडीला दुसरा जन्म देणे हेही तेथलेच काम. आगाराचे प्रकार कमी, भाग एकसारखे, कारागीर हाताशी. दीर्घकाळ वाहन वापरण्याचे हे शास्त्र. त्यात देशभक्तीपेक्षा भांडारातील शिस्त अधिक होती.

११/
पण नाण्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. परदेशी स्पर्धा रोखल्याने मोटारींचे दोन-तीनच पर्याय उरले आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे रांगेत राहावे लागले. कुर्ल्याची फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली, पण आतून फारशी बदलली नाही. वारंवार बिघडणारी, परंतु कोठेही सुधारता येणारी गाडी. म्हणजे दुरुस्तीसुलभता भरपूर, टिकाऊपणा बेताचा. या बंदिस्तपणाची किंमत ग्राहकाने मोजली.

१२/
तरीही तिचे आयुष्य पाहा. उत्पादन थांबून दोन दशके उलटली, तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत पद्मिनी धावतच होती. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, तीही २० वर्षांची कायदेशीर मुदत संपली म्हणून. कारखाना बंद पडल्यावरही भाग मिळत राहिले, कारण ते बनवणारी छोटी छोटी दुकाने जिवंत होती.

१३/
आता या वादातील सर्वांत रंगतदार अध्याय. १९८० च्या दशकात सरकारने दार किंचित उघडले आणि हलक्या ट्रकच्या क्षेत्रात चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह उतरल्या: टोयोटा डीसीएमबरोबर, मित्सुबिशी आयशरबरोबर, निसान ऑल्विनबरोबर आणि माझदा स्वराजबरोबर. गाड्या चपळ होत्या, इंधन कमी पीत, केबिन आरामशीर. जुन्या देशी ट्रकपुढे त्या एक पिढी पुढच्या वाटत.

१४/
उत्तर पुण्यातून आले. १९८६ मध्ये टेल्कोने तेथे विकसित केलेला ‘४०७’ बाजारात आणला. बुटके नाक, साधी रचना, दणकट चासी. जपानी गाड्यांइतका तो मुलायम नव्हता. परंतु कांदा, मोसंबी, कापूस, विटा, वाळू, लग्नाचे वऱ्हाड, जे भराल ते तो वाहून नेई. आणि बिघडला तर तालुक्याच्या गॅरेजातला मिस्त्री पुस्तक न उघडता त्याला हात घाली.

१५/
दरम्यान दूर न्यूयॉर्कमध्ये, सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर, येन झपाट्याने महागला. तोपर्यंत एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत, १९८८ पर्यंत ते १३० च्याही खाली आले. रुपयाही घसरतच होता. जपानहून येणाऱ्या प्रत्येक भागाची किंमत भडकली. ट्रक उत्तम होता, पण हप्ता फेडणाऱ्या मालकाला भागाच्या किमतीचा आणि थांबलेल्या प्रत्येक दिवसाचा फटका बसतो. उभा ट्रक कमावत नाही, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

१६/
पुढे काय झाले? निसान-ऑल्विनचा उद्योग महिंद्रांकडे गेला. डीसीएम-टोयोटा १९९० च्या दशकाच्या मध्यात कोरियाच्या देवूकडे गेली. आयशर मात्र तगली, वाढली. तिची रचना मित्सुबिशीचीच होती, पण तिने भाग येथे बनवण्यावर भर दिला. हाच मार्ग सुझुकीच्या साथीने मारुतीने १९८३ पासून धरला होता. तेव्हा ‘देशी जिंकले, परदेशी हरले’ हा निष्कर्ष अपुरा ठरतो. ज्याने आपली मुळे येथे रुजवली तो टिकला.

१७/
याच काळात आपल्या शहराचा कायापालट झाला. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्याभोवती सुटे भाग, साचे आणि पत्र्याचे काम करणाऱ्या छोट्या उद्योगांची वसाहत वाढली. दुचाकी-तीनचाकीच्या निमित्ताने मराठवाड्यातील हजारो तरुणांच्या हाती मायक्रोमीटर आला. गाडी विकणारे शहर आणि गाडीचा भाग घडवणारे शहर यांत हाच फरक.

१८/
मग २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाची ‘ऑक्टाव्हिया’ आली. १८९५ सालच्या झेक परंपरेची, फोक्सवॅगन समूहातील ही कंपनी. गाडी भक्कम, महामार्गावर स्थिर, आणि तिच्या डिझेल इंजिनाची कीर्ती आजही जुने चालक सांगतात. पुढे आऊडीही येथेच जुळू लागली. मात्र पद्धत शिवडीचीच: बहुतांश भाग बाहेरून, जोडणी येथे. जालना रस्त्यावर चिकलठाणा आणि शेंद्रा यांत काही किलोमीटरचेच अंतर आहे. वाहन सांभाळण्याच्या दोन दृष्टींमधले अंतर मात्र बरेच मोठे.

१९/
ऑक्टोबर २०१० मध्ये या शहराने देशभर मथळे मिळवले. येथील लोकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज एकदम खरेदी केल्या, मूल्य सुमारे ६५ कोटी रुपये. मराठवाड्यालाही ऐपत आहे हे दाखवण्याची ती ईर्षा होती. गंमत अशी की मर्सिडीजची सी, ई, एस ही प्रारूपे तेव्हा पुण्याजवळ चाकणलाच जुळत. एकेकाळी ट्रकवर मिरवलेली ती चांदणी आता बंगल्यांसमोर उभी राहिली.

२०/
या खरेदीसाठी ७ टक्के व्याजाने कर्ज मिळाले. याच सुमारास शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी १२ टक्के वा अधिक व्याज पडते, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी लक्ष वेधले. वाहन बाळगण्याचा खर्च गॅरेजात नव्हे, बँकेच्या टेबलावर सुरू होतो. जो ट्रॅक्टर मालकाचे पोट भरतो त्याला महाग पैसा आणि जी मोटार प्रतिष्ठा मिरवते तिला स्वस्त. ‘कोणती गाडी परवडते’ या प्रश्नाचे उत्तर कोण विचारतो आहे, यावरही अवलंबून असते.

२१/
आता सहाव्या टप्प्यातील वाक्य आठवा. जनरल मोटर्स परत आली, २००८ मध्ये तळेगावला कारखाना काढला आणि २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली. फोर्डनेही २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. सेवा व भाग देत राहू, अशी हमी दोघींनी दिली. तरीही बंद झालेल्या कंपनीची गाडी म्हटली की जुन्या बाजारात गिऱ्हाईक आधी भागांची चौकशी करते, मग रंग पाहते.

२२/
देशी कंपन्या म्हणजे ग्राहकाच्या सख्ख्या, असेही समजू नये. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला. ठपका असा की त्यांनी अस्सल भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून रोखून धरली. यादीत मर्सिडीज, स्कोडा, टोयोटा होत्या, तशाच टाटा, महिंद्रा आणि मारुतीही. कंपन्यांनी निर्णयाविरुद्ध दाद मागितली. प्रश्न मात्र नेमक्या जागी बोट ठेवणारा होता.

२३/
जुळवणीचा वादही संपलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीकडे सुमारे १.४ अब्ज डॉलरची मागणी केली. विभागाचे म्हणणे: आले ते गाडीचे पूर्ण संच, ज्यांवर ३० ते ३५ टक्के शुल्क लागते, दाखवले सुटे भाग, ज्यांवर ५ ते १५ टक्के. कंपनीने आरोप नाकारून मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. पेटीत गाडी आहे की भाग, हा १९५३ चाच प्रश्न, नव्या आकड्यांत.

२४/
आणि जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. ‘४०७’ च्या काळात जिचा ट्रक येथे रुजला नाही, तीच कंपनी मराठवाड्याच्या दाराशी आली आहे. यावेळी कसोटी वेगळी असेल. नव्या गाडीत पान्यापेक्षा स्कॅनर आधी लागतो, विजेवरच्या गाडीत बॅटरी हाच मोठा खर्च. केंद्राने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे, तो यासाठीच.

२५/
म्हणून दीर्घकाळासाठी वाहन घेणाऱ्याने बोधचिन्हाचा देश शेवटी पाहावा. आधी विचारावे: याचा क्लच, पंप, सेन्सर कोठे बनतो? तो किती दिवसांत येतो? माझ्या तालुक्यात याला हात लावणारे किती जण आहेत?

घरी आजोबांचे जुने आरसी बुक वा गॅरेजची पिवळी पडलेली बिले असतील तर जपून ठेवा. कोणता भाग कोणत्या साली कोठून आणला, हे त्यांवर लिहिलेले असते. मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासाची ती अस्सल साधने आहेत. तुमच्याकडे काय सापडते, ते खाली अवश्य लिहा.