काँग्रेस गवत नक्की आणलं कुणी?

पाऊस सुरू झाला की सोमाटणे फाट्याच्या आसपास जुन्या हायवेच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर, राडारोड्याच्या ढिगांवर ते डोकं वर काढतं. गाजरासारखी पानं, वर बारीक पांढरी फुलं. कुणी गाजर गवत म्हणतं, कुणी चटक चांदणी. पण जास्त चालतं ते नाव काँग्रेस गवत.

नावाची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीय. अमेरिकेने पीएल-४८० करारात निकृष्ट गहू पाठवला, त्यातून बी आलं, म्हणून काँग्रेस सरकारचं नाव. कुणी म्हणतं, फुलं टोपीसारखी पांढरी म्हणून. निवडणुकीच्या गप्पांत तर ही गोष्ट हमखास निघते.

मी फक्त तारखा शेजारी-शेजारी ठेवतो. भारताचा पहिला पीएल-४८० करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना हे झाड आपल्या पुण्यातच आढळलं ते १९५५ साली. म्हणजे सह्या होण्याआधीच ते इथे उगवलेलं होतं! १९५१ लाही अमेरिकेचा गहू कर्जाऊ आला होता, त्यामुळे धान्यातून आलंच नसेल असं नाही. पण रॉक्सबर्गने १८१४ मध्ये छापलेल्या कलकत्त्याच्या बागेच्या यादीतही याचं नाव आहे. तेव्हा ना काँग्रेस होती, ना पीएल-४८०.

हे मूळचं अमेरिका खंडातलं. शेवंती, झेंडू, आपली सोनकी यांच्याच कुळातलं. पण गुण वेगळे. अंगाला लागून खाज, पुरळ, परागकणांनी दमा. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. एका झाडाला हजारो बिया, आणि त्या वाऱ्याने, पाण्याने, चाकाला चिकटलेल्या चिखलातून पसरतात. १९८४ मध्ये बंगळुरूला मेक्सिकन भुंगे सोडले. ते पाला फस्त करतात, पण एकट्या भुंग्यांच्या जोरावर गवत संपलेलं नाही.

मंडळी, सत्तर वर्षं आपण कुणी आणलं यावर भांडतोय. आज आपल्या गावात ते आणतोय कोण? डंपरमधून येणारी माती, उघडा टाकलेला राडारोडा, वर्षानुवर्षं पडून असलेले प्लॉट. यात दिल्लीचा काय संबंध?

फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. ग्रामपंचायत, सोसायट्या आणि प्लॉटमालकांनी जून-जुलैत एकेक रविवार दिला तरी फरक पडेल. नाव काहीही ठेवा, उपटायचं आपल्यालाच आहे.