मोडी वाचणारे मेंबर

ग्रामपंचायतीच्या सदस्याला आपल्याकडे कुणी सदस्य म्हणत नाही, मेंबर म्हणतात. माझ्या ओळखीचे असे एक मेंबर आहेत. सोलापूर जिल्ह्यात, भीमेकाठच्या एका गावात ते दुसऱ्यांदा निवडून आले. थोडी जिराईत जमीन, दोन म्हशी आणि दहावीपर्यंतचं शिक्षण. गाव त्यांना मामू म्हणतं, मीही मामूच म्हणतो. ‘लिहायचं तर लिही, पण माझं नाव नको,’ एवढी एकच अट त्यांनी घातली आहे.

मामूंचा दिवस नळाने सुरू होतो. पाणी सुटलं की वॉर्डातून फोन येतात: आमच्याकडे आलंच नाही, आलं ते गढूळ आलं, शेजाऱ्याने मोटर लावली. मग गटार, खांबावरचा दिवा, घरकुलाच्या यादीत राहिलेलं नाव. कुणाला नमुना आठचा उतारा हवा असतो, कुणाच्या पोराच्या जन्मनोंदीत नाव चुकलेलं असतं. मामू त्यांच्यासोबत ग्रामसेवकाकडे जातात आणि काम होईपर्यंत ओट्यावर बसून राहतात. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात असं कायदा सांगतो. मामू त्यांतली एकही चुकवत नाहीत आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय पुढचा विषय घेऊ देत नाहीत. लिहिलेलं वाचून दाखवा, हा त्यांचा आग्रह जुना आहे.

हे सारं सांगायचं कारण असं की मामूंच्या हाती जे कागद आले, ते या कामामुळे आले. जुन्या कुलकर्ण्यांच्या वाड्यात आता एक वृद्ध काकू एकट्या राहतात. त्यांच्या दारातलं तुंबलेलं गटार मामूंनी उभं राहून साफ करून घेतलं. काही दिवसांनी काकूंनीच निरोप धाडला, ‘माळ्यावर एक पेटी आहे, वाळवी लागायच्या आत बघून जा.’ कुलकर्णी वतनं 1951 साली कायद्याने संपली, सरकारी दप्तर तलाठ्याकडे गेलं. पण खाजगी कागद पुष्कळ घरांत माळ्यावरच राहिले. पेटीतले सगळे कागद मोडीत होते. एका निवृत्त मास्तरांकडे दोन वर्षं रोज संध्याकाळी जाऊन मामू मोडी शिकले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

मोडी लिपी वाचणं सोपं नाही. लिहिणारा हात उचलत नाही, शब्द सुटे करत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाही. मामू अक्षर लावू लागले, पण तारखेपाशी अडायचे. एके दिवशी ते माझ्याकडे आले. ‘मास्तर, तुम्ही उर्दू शिकवता. खमस सबैन मया व अलफ म्हणजे काय?’ मी म्हटलं, हे अरबी आकडे आहेत: खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे 1175. ही झाली शुहूर सन. तीत 599 मिळवले की इसवी सनाचं 1774 येतं, आणि ते वर्ष 1775 च्या उन्हाळ्यापर्यंत चालतं. या सनेची गंमत अशी की तिचे आकडे अरबी, पण तिचं वर्ष सुरू होतं मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या दिवसांत. पेशव्यांच्या दप्तरातले ब्राह्मण कारकून हीच सन लिहीत होते आणि सोबत जमादिलावल, रबिलाखर असे महिनेही लिहीत होते. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

त्या दिवसापासून आमची जोडी जमली. लिपी मामूंची, शब्द माझे. दाखला, हरकत, मंजूर, वसूल, बाकी, हद्द, जमाबंदी हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. ‘सरपंच’ या शब्दातला ‘सर’ फारसी आणि ‘पंच’ आपला. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं हसतात, पण ग्रामपंचायतीत एक दिवस या शब्दांशिवाय काम करून बघा म्हटलं की गप्प होतात.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्या पिढीचं ऋण मोठं आहे. पण त्या साधनांत मुख्यतः सरदार, लढाया आणि तह आहेत. पाण्याचा पाट कुणाचा, खळ्यावरून कुणाला किती पेंढ्या जायच्या, हे कळायला गावचा कागद लागतो. अशा कागदात मुसलमान फक्त सुभेदार किंवा शिपाई म्हणून येत नाही. तो तांबोळी म्हणून येतो, पिंजारी, अत्तार, बागवान म्हणून येतो. आणि मुलाणी म्हणून येतो.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ 1915 सालचं. गावगाड्याच्या जुन्या याद्यांत बलुतेदारांच्या तीन ओळी सांगतात. थोरलीत सुतार, लोहार असे; मधलीत कुंभार, न्हावी असे; आणि धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. भट आणि मुलाणा एकाच ओळीत! मुलाण्याने मशीद-दर्ग्याची उस्तवारी करायची, गावात बकरं कापायचं तर बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची. हिंदू घरांतही हे काम त्याचंच होतं. बदल्यात सुगीला त्याचं बलुतं ठरलेलं.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. मामूंच्या भावकीतली एक मुलगी माझी विद्यार्थिनी. बारावीला चांगले गुण मिळाले, पुढच्या प्रवेशासाठी जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी हवी होती. महाराष्ट्रात मुलाणी इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण पुरावा 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा लागतो. मुलीच्या घरी जे कागद होते, त्यांत आडनाव ‘शेख’ आणि जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’. आपल्या कितीतरी घरांची हीच अडचण आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, आपण धर्म सांगितला, त्यांनी तोच जातीच्या रकान्यात लिहिला.

मामू तीन वेळा तहसीलच्या अभिलेख कक्षात गेले. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तिथे ठेवलेल्या असतात आणि त्यांतल्या जुन्या वह्या मोडीत आहेत. तिसऱ्या खेपेला मुलीच्या पणजोबांची नोंद मिळाली. बापाच्या नावापुढे स्पष्ट अक्षरांत ‘मुलाणी’.

काम झालं असं मला वाटलं. पण खरी अडचण घरात होती. मुलीचे बडे अब्बा म्हणाले, ‘आपण मुलाणी नाही. आपले पूर्वज आदिलशाहीत सरदार होते, बिजापूरहून आले. बलुतं मागणारे आपण नाही.’ हीच गोष्ट मामूंनीही लहानपणापासून ऐकली होती. एवढंच नव्हे, पहिल्या निवडणुकीत भाषणातही ती सांगितली होती.

त्या रात्री मामूंनी सगळी भावकी बोलावली. मलाही बसवलं. नोंदीची नक्कल त्यांनी मोठ्याने वाचली, मग काकूंच्या पेटीतला बलुत्याचा एक जुना कागद वाचला. त्यात सुतार-लोहारांच्या मागोमाग मुलाण्याच्या पेंढ्या लिहिल्या होत्या आणि नाव याच घराण्यातलं होतं. बडे अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, ‘सरदार का कागद मिल्याच नै क्या?’

मामू म्हणाले, ‘बारा वरसां झाले धुंडताव भाईजान. नै मिल्या.’

आणि मग मराठीत, कारण तरुण पोरांची सवय तीच, त्यांनी सांगितलं, ‘सरदार असतो तर आज आलो, उद्या गेलो. मुलाणी होतो म्हणून गावाने आपला वाटा कागदावर लिहून ठेवला. या गावात आपण कधीपासून आहोत असं कुणी विचारलं, तर दाखवायला हाच कागद आहे.’

बडे अब्बांनी वंशावळीच्या शपथपत्रावर सही केली. राग गेला होता असं मी म्हणणार नाही. पुढचे काही जुम्मे ते मामूंशी नीट बोलले नाहीत. मुलीला मात्र प्रमाणपत्र मिळालं आणि पडताळणीही झाली.

आपल्या समाजात बाहेरून आल्याचा अभिमान अजून शिल्लक आहे. अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान. कुठून तरी आलो असं सांगितलं की उंची वाढते असं वाटतं. दुसरीकडे ‘तुम्ही बाहेरचे’ असं कुणी म्हणालं की आपण दुखावतो. या दोन्ही गोष्टी एकदम चालणार नाहीत. काही घराणी खरोखर बाहेरून आली असतील, त्यांनी तसा कागद दाखवावा. पण आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील पिंजून, विणून, पानं विकून, सुरी फिरवून याच शिवारात जगले आणि त्यांच्या नोंदी मोडीत पडून आहेत. मोडी वाचणारे कमी होत चालले आहेत आणि वाळवी कुणासाठी थांबत नाही.

म्हणून माझ्या शिक्षक मित्रांना विनंती आहे. आपल्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर एकदा उघडून बघा. गावात मोडी जाणणारं कुणी असेल तर त्यांच्याकडे दोन मुलं पाठवा. घरी जुना कागद असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, तो आपल्या सोयीचा असो वा नसो.

परवा मामूंना फोन केला. म्हणाले, ‘मास्तर, नंतर बोलू. नळाला पाणी नाही, वॉर्डात बोंब आहे. आणि हो, तिसा तिसैन म्हणजे किती?’

मी म्हटलं, ‘नव्व्याण्णव.’