तळटीप २३ : ‘पणजोबांचे नाव खानेसुमारीत असेलच’
लेखकाची ही अपेक्षा विलायतेत रास्त ठरली असती. तिथे १९२१च्या जनगणनेची घरोघरची पत्रके शंभर वर्षांनी, २०२२ साली खुली झाली. आपल्याकडे १८७२पासूनच्या खानेसुमारीचे छापील तक्ते मिळतात, पण त्यांत माणसे आकड्यांत असतात, नावानिशी नव्हे. शिवाय १९४८च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी गोपनीय ठरवल्या आहेत.

ख्रिस्ती घराण्यांना बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चमधील नोंदवह्यांचा आधार असतो. कंपनीच्या व ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातून लंडनला गेलेल्या अशा नोंदींच्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत भरणा मुख्यतः युरोपियन कुटुंबांचा.

कासारवाडीसारख्या ठिकाणच्या शेतकरी कुटुंबाने हवेली तालुक्याचे महसुली दफ्तर धुंडाळावे. वाडीची नोंद पुष्कळदा मूळ मौज्याच्या नावाखाली असते, हे ध्यानात ठेवावे. गाव नमुना १४ची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर आणि फेरफार ही तीन साधने सर्वांत उपयोगी. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मुलांची नावे आणि मुले लहान असल्यास ‘अ. पा. क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, असा शेरा सापडतो. एरवी वंशावळीत न येणारी पणजी अशी नावानिशी हाती लागते. जुन्या नोंदी मोडीत असल्याने जाणकार वाचक सोबत हवा. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांशी नावे ताडून पाहावीत. - संपादक