कव्हर्ड कॉल की डे ट्रेडिंग? ‘दरमहा फिक्स इन्कम’चा खरा हिशेब

मोबाईलवर एक रील सांगते, “रोज सकाळी दोन तास ट्रेडिंग करा आणि नोकरी सोडा.” दुसरी म्हणते, “डे ट्रेडिंग हा जुगार आहे, त्यापेक्षा कव्हर्ड कॉल करा आणि शेअर्सवर दरमहा भाडं घ्या.” पहिलीवर आता बरेच जण विश्वास ठेवत नाहीत. दुसरी मात्र लगेच पटते, कारण तिच्यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आपण या लेखात पाहू.

डे ट्रेडिंगमध्ये नेमकं काय होतं?

शेअर आज घ्यायचा आणि आजच विकायचा, याला इंट्राडे म्हणतात. ब्रोकर यासाठी साधारण पाचपटीपर्यंत लिव्हरेज देतो. म्हणजे २०,००० रुपयांत १ लाखाचे शेअर्स घेता येतात. पण शेअर २ टक्के पडला, तर तुमच्या पैशातले १० टक्के गेले. शिवाय ब्रोकरेज, टॅक्स आणि इतर चार्जेस प्रत्येक सौद्यावर लागतात, मग नफा होवो की तोटा.

सेबीने २०२२-२३ या वर्षाचा अभ्यास करून जुलै २०२४ मध्ये आकडे दिले. कॅश मार्केटमध्ये इंट्राडे करणाऱ्या दर १० पैकी ७ जणांना तोटा झाला होता. तीस वर्षांखालच्या ट्रेडर्समध्ये हे प्रमाण ७६ टक्के होतं, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये ८० टक्के. म्हणजे जास्त ट्रेड केल्याने हात बसतो, हा समज या आकड्यांत तरी दिसत नाही.

कव्हर्ड कॉल म्हणजे काय?

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे शेअर्स आहेत. ते ठरावीक तारखेला ठरावीक किमतीला विकत घेण्याचा हक्क तुम्ही दुसऱ्याला विकता. हा हक्क म्हणजे कॉल ऑप्शन, ठरलेली किंमत म्हणजे स्ट्राइक प्राइस आणि त्याबद्दल मिळणारे पैसे म्हणजे प्रीमियम. विकलेला कॉल झाकायला शेअर्स तुमच्याकडे आहेत, म्हणून तो ‘कव्हर्ड’.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शेअरची किंमत १,००० रुपये आणि लॉट ५०० शेअर्सचा. म्हणजे आधी ५ लाखांचे शेअर्स हवेत. तुम्ही १,०५० चा कॉल १५ रुपये प्रीमियमला विकला आणि ७,५०० रुपये मिळाले. आता एक्सपायरीला काय होऊ शकतं ते बघा (चार्जेस धरलेले नाहीत):

- शेअर १,०१० वर राहिला: ऑप्शन संपला, प्रीमियम तुमचा आणि शेअर्सही तुमच्याकडेच. रीलमध्ये फक्त हाच महिना दाखवतात.
- शेअर १,१५० वर गेला: शेअर्स १,०५० लाच द्यावे लागतात. प्रीमियम धरून नफा ३२,५०० रुपये. कॉल विकला नसता तर ७५,००० झाला असता.
- शेअर ९०० वर आला: शेअर्सवर ५०,००० चा तोटा. प्रीमियम वजा करूनही ४२,५०० गेले.

म्हणजे वरचा नफा बांधलेला आहे आणि खालचा तोटा जवळजवळ पूर्ण तुमचाच. प्रीमियम हे भाडं नाही, भविष्यातली मोठी वाढ सोडून देण्याची किंमत आहे.

रीलमध्ये न सांगितलेल्या गोष्टी

१. एक लॉट घेण्याएवढे शेअर्स लागतात आणि त्यासाठी सहसा काही लाख रुपये अडकतात. तेही एकाच कंपनीत.

२. शेअर्स असले तरी कॉल विकायला मार्जिन लागतं. शेअर्स तारण, म्हणजे प्लेज, ठेवून ते मिळतं, पण पूर्ण किमतीएवढं नाही. पोझिशन दुसऱ्या दिवशी न्यायची असेल तर निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसारख्या स्वरूपात लागतं.

३. भारतात स्टॉक ऑप्शन्सची सेटलमेंट प्रत्यक्ष शेअर्स देऊन होते. प्लेज केलेले शेअर्स एक्सपायरीपूर्वी सोडवण्याबद्दल ब्रोकरचा नियम आधीच वाचून ठेवा.

४. शेअर ९०० वर आल्यावर “प्रीमियम तरी मिळेल” म्हणून ९५० चा कॉल विकण्याचा मोह होतो. मग शेअर सावरून १,००० वर आला, तरी तुमचे शेअर्स ९५० ला जातात आणि तोटा कायमचा पक्का होतो.

५. शेअर्स नसताना कॉल विकला तर तो ‘नेकेड’ कॉल. त्यात तोट्याला वरची मर्यादा नाही. ॲपच्या स्क्रीनवर दोन्हींसाठी ‘सेल’ बटण एकच असतं, त्यामुळे इथे नीट लक्ष द्या.

मग काय निवडायचं?

दोन्हींत तुलना केली तर कव्हर्ड कॉल संथ आहे, त्यात रोज स्क्रीनला चिकटून बसावं लागत नाही. ज्यांच्याकडे एखादा शेअर लॉटभर आधीपासून आहे आणि तो स्ट्राइक प्राइसला विकायची खरंच तयारी आहे, त्यांच्यासाठी ते उपयोगी साधन आहे. पण पगारासारखी खात्री त्यात नाही. फक्त कॉल विकता यावा म्हणून कर्ज काढून शेअर्स घेणं तर मुळीच नको.

तुमच्याकडे २०,००० रुपये असतील, तर सध्या दोन्हींपैकी काहीच दरमहा उत्पन्न देणारं नाही, हे मान्य करणं सगळ्यात स्वस्त पडेल. शिकायचंच असेल तर एनएसईच्या वेबसाइटवर ऑप्शन चेन फुकट दिसते. एक शेअर निवडा, कागदावर कॉल ‘विका’ आणि सहा महिने हिशेब लिहा. त्यात शेअर पडलेला एक तरी महिना येऊ द्या. त्या महिन्याचा आकडा बघूनही झोप लागत असेल, तरच पुढचं पाऊल टाका.