टकरमनची घळ आणि साडेसहा मिनिटं

एप्रिल अर्धा सरला की बॉस्टनमध्ये लोक जाड जॅकेटं कपाटाच्या तळाशी टाकतात. आमच्या ऑफिसातला एक जण मात्र नेमका तेव्हाच गाडीच्या टपावर स्की बांधतो. "अरे, सीझन संपला ना?" असं मी पहिल्या वर्षी विचारलं, तर म्हणाला, "टकरमनचा आत्ता सुरू होतोय." तेव्हा हसून सोडून दिलं. मग दोन हिवाळे जवळपासच्या टेकड्यांवर यथेच्छ आपटून झाल्यावर गेल्या एप्रिलमध्ये त्याच्या मागे लागून गेलोच. तिथून आल्यापासून त्या जागेचा इतिहास वाचायचं वेड लागलंय. तर मंडळी, आजचा वीकांत त्यावर.

न्यू हॅम्पशायरमधला माउंट वॉशिंग्टन १९१७ मीटर उंच आहे. आकडा ऐकून हसू नका (मी हसलो होतो, आपलं कळसूबाईच १६४६ आहे). १२ एप्रिल १९३४ रोजी त्याच्या माथ्यावरच्या वेधशाळेतल्या लोकांनी ताशी २३१ मैल, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला. माणसं हजर असलेल्या कुठल्याही केंद्रावर त्याहून जोराचा वारा आजवर नोंदला गेलेला नाही. आणि महिना बघा, एप्रिल!

हा पश्चिमेचा वारा हिवाळाभर माथ्यावरचा बर्फ झाडून काढतो आणि पलीकडच्या आग्नेय अंगाला एका घळीत नेऊन ओततो. तीच टकरमन रॅव्हिन. हिमयुगात बर्फाने कोरून काढलेलं मोठं वाडगं. नाव १९ व्या शतकातल्या एडवर्ड टकरमन या वनस्पतिशास्त्रज्ञाचं. ते लायकेनचे मोठे अभ्यासक होते, म्हणजे आपल्या गोडा मसाल्यात दगडफूल असतं ना, तो वर्ग. वाडग्याच्या मागच्या कड्याला 'हेडवॉल' म्हणतात. उतार ४० ते ५५ अंश. लिफ्ट नाही. पिंकहॅम खिंडीत गाडी लावायची, स्की पाठीवर घ्यायच्या आणि चालू पडायचं.

एप्रिल-मेच का, तर भर हिवाळ्यात इथे हिमस्खलनाचा धोका फार. वसंतात दिवसा ऊन लागून बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. असं बरेच दिवस झालं की त्याचे जाड, गोलसर कण होतात. इंग्रजीत त्याला कॉर्न स्नो म्हणतात, मला मात्र पहिल्यांदा हातात घेतल्यावर आईचं रवाळ तूप आठवलं. सकाळी लवकर गेलात तर हे तूप दगडासारखं असतं, दुपार उलटली की पार पातळ. मधले दोन-तीन तास स्वर्ग.

या घळीत स्की घेऊन पहिल्यांदा पोहोचला तो जॉन ॲपर्सन, एप्रिल १९१४ मध्ये. पण हेडवॉलवरून खाली यायला पुढची १७ वर्षं लागली. ११ एप्रिल १९३१ रोजी जॉन कार्लटन आणि चार्ली प्रॉक्टर या दोघांनी ते केलं. दोघेही डार्टमथ कॉलेजचे, दोघेही हिवाळी ऑलिंपिक खेळलेले.

त्याच वर्षी ११ जानेवारीला बॉस्टनहून न्यू हॅम्पशायरला खास स्कीवाल्यांसाठी पहिली 'स्नो ट्रेन' सुटली. महामंदीचे दिवस. स्कीइंग म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले ही समजूत या गाडीने बरीच मोडली, कारण आता एका रविवारी जाऊन परत येता येऊ लागलं. आणि घळीपासून खिंडीपर्यंत स्कीवरून उतरायला जी शेरबर्न वाट आहे, ती तोडली सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरच्या पोरांनी. १९३३ मध्ये रूझवेल्टने बेकार तरुणांसाठी काढलेली ही योजना. महिना ३० डॉलर पगार, त्यातले साधारण २५ थेट घरी पाठवायचे. आपल्याकडच्या रोजगार हमीची आठवण होते. त्या पोरांची नावं कुठल्या फलकावर मला तरी दिसली नाहीत.

फलकावर असणारं नाव वेगळं आहे, टोनी मॅट. त्याच्यासाठी आधी थोडं युरोपात जायला लागेल.

स्वित्झर्लंडमधल्या म्युरनला १९२८ मध्ये ब्रिटिश स्कीवाल्यांनी 'इन्फर्नो' नावाची शर्यत सुरू केली. डोंगराच्या माथ्यावरून सुटायचं ते थेट खाली गावात. त्यांच्या क्लबाचं नाव कंदाहार आणि क्लबाचा खांब असलेले अर्नोल्ड लन जन्मले मद्रासला! साम्राज्य कुठे कुठे जाऊन पोचलं बघा. असो. त्याच धर्तीवर १९३३ मध्ये माउंट वॉशिंग्टनवर 'अमेरिकन इन्फर्नो' झाली. शिखरापासून पिंकहॅम खिंडीपर्यंत चार-एक मैल, जवळपास १३०० मीटरची उतरण. पहिल्या वर्षी विजेत्याला पावणेपंधरा मिनिटांच्या आसपास लागली. १९३४ मध्ये डिक ड्युरन्सने ती १२ मिनिटं ३५ सेकंदांवर आणली.

दरम्यान ऑस्ट्रियात सेंट ॲन्टनचे हानेस श्नायडर, आधुनिक स्कीइंगच्या शिकवणीचे जनक म्हणावेत असे गुरुजी, यांना मार्च १९३८ मध्ये नाझींनी अटक केली. त्यांना सोडवून अमेरिकेत आणण्यामागे होते हार्वी गिब्सन हे बँकर, मूळचे माउंट वॉशिंग्टनजवळच्या नॉर्थ कॉनवे गावचे. फेब्रुवारी १९३९ मध्ये श्नायडर त्या गावात उतरले. त्यांच्या गावचा एक १९ वर्षांचा पोरगा तिथल्या स्कीशाळेत शिकवायला आधीच येऊन पोचला होता. हाच टोनी मॅट.

१६ एप्रिल १९३९. तिसरी इन्फर्नो. मॅटचा बेत साधा होता : हेडवॉलच्या काठावर तीन-चार वळणं घेऊन वेग मोडायचा आणि मग सरळ सुटायचं. पण आपण नक्की कुठे आहोत याचा अंदाज चुकला. काठ ओलांडून झाला तरी वळणं राहिलीच. आता त्या वेगात वळायला जाणं म्हणजे मरण, म्हणून गडी सरळ खाली आला. अख्खी हेडवॉल, एकही वळण न घेता. वेळ ६ मिनिटं २९.२ सेकंद. जुन्या विक्रमाच्या जवळजवळ निम्मी! ड्युरन्स सुमारे मिनिटभर मागे, दुसरा आला. पुढे मॅट स्वतःच सांगायचा की आपण एकोणीस वर्षांचे होतो, मूर्ख होतो आणि पाय दणकट होते हे नशीब.

मला यातला ड्युरन्स आवडतो, खरं सांगायचं तर. १९३४ चा स्वतःचा विक्रम त्यानेही त्या दिवशी पार मोडला, तो शुद्धीवर राहून. पण दंतकथा झाली ती चुकलेल्या अंदाजाची.

आम्ही गेलो तो दिवस लख्ख उन्हाचा होता. हर्मिट लेकपर्यंतचे चार किलोमीटर चढताना कडक बूट खांद्यावर टोचून हाडं ओली झाली. वर वाडग्यात जत्रा. लंच रॉक्स नावाच्या खडकांवर लोक टीशर्टमध्ये डबे खात बसलेले, कोणी पडलं की आरोळ्या. गंमत म्हणजे कड्यावरचा बर्फ उन्हाने सुटून कोसळतो तो बरेचदा याच खडकांच्या दिशेने. सहकाऱ्याने मला तिथे बसूच दिलं नाही.

पायऱ्या खोदत हेडवॉलच्या निम्म्यापर्यंत मी चढलो. काठापर्यंत जायचंच असं घरून ठरवून आलो होतो, मोबाईलवर रेकॉर्ड करायला मित्र खाली उभा. तेवढ्यात वरून एक जण घसरला. स्की निसटल्या, तो पाठीवर, माझ्या डावीकडून वीस-एक फुटांवरून गेला. खालून आरोळी उठली आणि मधेच तुटली. तो थांबेपर्यंत त्या सगळ्या वाडग्यात एक आवाज नाही. मग त्याने हात वर केला आणि टाळ्या पडल्या. मी तिथेच स्की चढवल्या. काठापर्यंत गेलो नाही. अकरा वळणं घेतली, मोजून, त्यातली शेवटची चार चक्क चांगली होती, आणि रवाळ बर्फाचा तो खर्र आवाज अजून कानात आहे.

शेरबर्न वाटेवर निम्म्यात दोरी बांधलेली, पुढे बर्फ संपला होता. स्की पुन्हा पाठीवर, चिखलातून खाली. गाडीशी पोचल्यावर मित्राने घड्याळ बघितलं : सकाळी निघाल्यापासून सात तास दहा मिनिटं. मग डिकीतून कालच्या पोळ्या निघाल्या, आणि ठेचा.