कवटी आणि पंख : एका पतंगाच्या ओळखीचा इतिहास

पाठीवर मानवी कवटीसारखी आकृती, हाती धरताच चीत्कार, आणि पोळ्यात शिरून मध चोरण्याची खोड. अशा प्राण्याविषयी लोकमानसात भय निर्माण झाले तर नवल नाही. हॉक मॉथ कुळातील या पतंगाच्या नामकरणात शास्त्रज्ञांनाही मृत्यूच आठवला. १७५८ साली लिनियसने युरोप-आफ्रिकेतील जातीला ‘ॲट्रोपॉस’ हे नाव दिले. ॲट्रोपॉस म्हणजे आयुष्याचा धागा तोडणारी ग्रीक दैवदेवता. पुढे १७९८ साली फाब्रिसियसने ‘लॅकेसिस’ आणि १८४७ साली वेस्टवुडने ‘स्टिक्स’ या आशियाई जातींचे वर्णन केले. पहिले नाव तो धागा मोजणाऱ्या देवतेचे, तर दुसरे पाताळातील नदीचे.

भारतात आढळतात त्या या शेवटच्या दोन जाती. दोहोंच्याही पाठीवर कवटी आहे; तेव्हा जी खूण प्रथम नजरेत भरते, तीच ओळख पटविण्यास अपुरी पडते. खरी साक्ष देतात ते मागचे पंख, आणि पतंग विसावलेला असताना ते पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात. पिवळ्या पंखावर दोन अरुंद काळे पट्टे असतील तर तो ‘स्टिक्स’. पंखाचे मूळ काळे, पट्टे रुंद आणि पिवळा रंग जेमतेम उरलेला असेल तर तो ‘लॅकेसिस’. हा आकारानेही मोठा असतो.

या अभ्यासाचा एक धागा आपल्या शेजारी, कारवारपर्यंत येऊन पोहोचतो. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी टी. आर. बेल (१८६३–१९४८) यांनी तेथील रानात अळ्या गोळा करून, त्यांना पाला घालून वाढविण्यात अनेक वर्षे वेचली. मेजर स्कॉट यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला या कुळावरील ग्रंथ १९३७ साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीविषयक मालेत प्रसिद्ध झाला. मेलेल्या पतंगाच्या पंखांबरोबरच त्याची अळी, कोश आणि खाद्यवनस्पती यांनाही त्यात मानाचे स्थान मिळाले.

तिळाच्या किंवा वांग्याच्या पानावरील जी लठ्ठ अळी आपण सहज चिरडतो, ती कदाचित याच पतंगाची असेल. मित्रहो, भय कवटीपाशीच थबकते. ज्ञान पुढचा पंख हलकेच उचलून पाहते. शाळेने आपल्याला शिकविले ते बहुधा हेच.