एका शितावरून किती भात?

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण सगळेच वापरतो. आजी पातेल्यावरचे झाकण सरकवते, एक शीत उचलते, बोटांत दाबून पाहते आणि 'झाला' म्हणते. संख्याशास्त्राची जाड पुस्तके ज्याला 'नमुना पाहणी' म्हणतात, ती हीच. मात्र आजीला दोन गोष्टी कोणी न शिकवता ठाऊक असतात. एक म्हणजे वरवरचे शीत घेऊन चालत नाही. आणि दुसरी, या पातेल्यातल्या शितावरून शेजारच्या चुलीवरच्या भाताचा निकाल देता येत नाही.

आज मला बोलायचे आहे ते व्यापारउदिमातल्या विश्वासाविषयी. एखाद्या प्रदेशातला कारखानदार, दुकानदार, हॉटेलवाला उद्याच्या दिवसाकडे आशेने पाहतो आहे की धास्तीने, हे सरकारला, बँकांना कसे कळावे? विषय अर्थशास्त्रज्ञांचा आणि मी पडलो कविता लिहिणारा माणूस. पण या विषयातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट एका कादंबरीकाराची आहे. म्हणून हे धाडस.

सुरुवात जर्मनीपासून करू. दुसऱ्या महायुद्धात देश उद्ध्वस्त झालेला, नवे चलन नुकतेच आलेले. अशा काळात १९४९ साली म्युनिक शहरात 'इफो' ही संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी तिने उद्योजकांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रश्न साधे होते. विक्री किती, नफा किती असे विचारले की व्यापारी सावध होतो, वही शोधू लागतो. त्याऐवजी 'धंदा कसा आहे? चांगला, बेताचा की वाईट?' आणि 'पुढे कसा वाटतो? बरा, तसाच की आणखी वाईट?' असे विचारले तर उत्तर चटकन मिळते. शंभरांपैकी चाळीस जण 'चांगला' म्हणाले, पस्तीस 'बेताचा' आणि पंचवीस 'वाईट', तर चाळिसातून पंचवीस वजा करायचे. उरले अधिक पंधरा. वजाबाकी उणे आली की समजावे, धास्तावलेले लोक जास्त आहेत. मनातली गोष्ट आकड्यात आणण्याची ही युक्ती पुढे जगभर पसरली.

जपानची मध्यवर्ती बँकही दर तीन महिन्यांनी अशीच पाहणी करते. तिला 'टँकन' म्हणतात. हजारो कंपन्यांना प्रश्नावली जाते आणि जवळजवळ सगळ्या कंपन्या उत्तर देतात. पण त्यात एक अट आहे. कंपनीचे भांडवल किमान दोन कोटी येन हवे. म्हणजे कोपऱ्यावरचा नूडल्सवाला, टॅक्सीचालक, न्हावी यांना तिथे जागा नाही.

ही उणीव कधी बोचली? १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये. आधीची काही वर्षे जपानची अर्थव्यवस्था कुंथत होती. त्याच एप्रिलमध्ये सरकारने खरेदीवरचा कर तीन टक्क्यांवरून पाच टक्के केला होता. नोव्हेंबरात एका आठवड्याच्या अंतराने दोन मोठ्या संस्था कोसळल्या. एक होती यामाइची ही शेअर दलाली करणारी जुनी कंपनी आणि दुसरी होक्काइदो ताकुशोकू बँक. ही बँक उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाची, तिचे मुख्य कार्यालय साप्पोरोत. टोकियोत बसलेल्या माणसासाठी ती बातमी होती, होक्काइदोतल्या छोट्या धंदेवाल्यासाठी मात्र कर्ज देणारा हातच गेला होता. संकट देशभराचे म्हटले, तरी त्याचा घाव प्रदेशाप्रदेशांत वेगळा बसतो, तो असा.

१९९८ साली पंतप्रधान केइझो ओबुची यांनी आर्थिक नियोजन संस्थेची सूत्रे ताइची साकाइया यांच्याकडे दिली. हे गृहस्थ पूर्वाश्रमीचे सरकारी अधिकारी. १९७० च्या ओसाकातल्या जागतिक प्रदर्शनाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. पुढे नोकरी सोडून ते लेखक झाले. युद्धानंतर जन्मलेल्या पिढीसाठी जपानी भाषेत आज जो शब्द रूढ आहे, तो त्यांच्याच कादंबरीमुळे. मंत्री झाल्यावर त्यांच्या टेबलावर येणारी आकडेवारी शिळी असायची. आकडे गोळा व्हायचे, तपासले जायचे, छापले जायचे, तोवर बाजार कुठल्या कुठे गेलेला असायचा.

मग त्यांच्या पुढाकाराने २००० सालच्या जानेवारीत 'इकॉनॉमी वॉचर्स' ही नवी पाहणी सुरू झाली. बाजाराची नाडी ज्यांच्या हाताला रोज लागते अशी माणसे यात निवडतात. टॅक्सीचालक, दुकानातले विक्रेते, हॉटेलचे कर्मचारी, नोकऱ्या मिळवून देणाऱ्या संस्थांतले लोक. रात्री उशिरा टॅक्सीत कोण बसते, बसते की नाही, हे टॅक्सीवाल्याइतके कोणाला कळणार? आधी काही प्रदेशांत आणि नंतर देशभर ही पाहणी पसरली. आज बारा प्रदेशांतली २०५० माणसे तिच्यात आहेत. दर महिन्याच्या २५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत त्यांना विचारतात, 'तीन महिन्यांपूर्वीपेक्षा आता कसे आहे?' आणि 'येत्या दोन-तीन महिन्यांत कसे होईल?' उत्तरे पाच. 'सुधारले' याला एक गुण, 'थोडे सुधारले' याला पाऊण, 'तसेच' याला अर्धा, 'थोडे बिघडले' याला पाव आणि 'बिघडले' याला शून्य. या हिशेबाने ५० म्हणजे जैसे थे. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाने रस्ते ओस पाडले, तेव्हा हा आकडा ८ च्याही खाली घसरला होता.

मला भावले ते पुढचेच. नुसती खूण करून भागत नाही, तसे का वाटते याचे कारणही थोडक्यात लिहायचे असते. ती कारणे प्रदेशवार छापली जातात. आकडा सांगतो किती दुखते, कारण सांगते कुठे दुखते.

तरीही भाबडेपणा नको. ही माणसे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात, जाणकार म्हणून हेरलेली असतात. त्यामुळे शास्त्रीय नमुन्याला लागू पडणारे चुकीचे गणित इथे जसेच्या तसे बसत नाही. आणि चिठ्ठ्या टाकून निवड केली तरी प्रदेशाचा प्रश्न अवघडच. चारशे जणांना विचारले तर टक्केवारीत साधारण पाचाची चूक इकडे किंवा तिकडे होऊ शकते, शंभरांना विचारले तर दहाची. गंमत अशी की, लोकसंख्या पाच लाख असो की पाच कोटी, ही चूक जवळजवळ तेवढीच राहते. ती ठरते ती आपण किती जणांना विचारले यावर. म्हणजे साऱ्या देशासाठी चारशे पुरले, तर एकट्या खानदेशासाठीही चारशेच लागतील. वेगळी चूल, वेगळे पातेले, वेगळे शीत. प्रदेशवार पाहणी खर्चिक होते ती यामुळे आणि पैसा वाचवायचा म्हटले की आधी प्रदेशच गाळले जातात.

नमुना कसा फसवतो याचा मोठा धडा आपल्याच एका मराठी माणसाने जगाला दिला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे. शेतातले पीक मोजण्यासाठी छोटासा तुकडा आखून तेवढीच कापणी करायची पद्धत होती. तुकडा जितका लहान तितके उत्पन्न फुगून दिसते, हे सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले. कारण काय? कडेवरची रोपे आत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. लबाडी कोणाचीच नसते, पण आकडा मात्र चुकतो.

व्यापाराच्या पाहणीत हीच गोष्ट उलटी घडते. तिथे कडेवरची माणसे बाहेर राहतात. आपल्या देशात दिल्लीची 'एनसीएईआर' ही संस्था १९९१ पासून व्यापारी विश्वासाचा निर्देशांक काढते. रिझर्व्ह बँक १९९८ पासून कारखानदार कंपन्यांची तिमाही पाहणी करते. दोन्ही कामे मोलाचीच. पण एनसीएईआरची पाहणी चालते ती दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर, चेन्नई आणि पुणे या सहा शहरांत. पश्चिम भारताचा विश्वास मोजायचा तो मुंबई-पुण्याच्या पातेल्यातून. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचे मन त्यात कुठे उमटणार? सुताचा भाव चढला आणि कापडाला गिऱ्हाईक नसले की तिथे आधी एक पाळी बंद होते, मग दुसरी. खडखडाट थांबला की अख्ख्या गल्लीला कळते, पण त्याची नोंद कुठल्याच निर्देशांकात होत नाही.

आणि उद्या कोणी तिथे विचारायला गेलेच, तर त्याला गाव ठाऊक हवे. मालेगावातल्या मागांची सुट्टी शुक्रवारी असते. शुक्रवारी दुपारी फोन केला आणि कोणी उचलला नाही, तर कागदावर 'प्रतिसाद नाही' असे लिहिले जाईल. त्याहून वाईट म्हणजे ज्याने माग भंगारात विकले, तो तर यादीतूनच गेलेला. उत्तर देतो तो टिकलेला. म्हणून वाईट काळातही सरासरी जरा बरीच दिसते आणि त्या सरासरीवर विसंबून कर्जाचे, मदतीचे निर्णय होतात.

साकाइया २०१९ साली गेले. त्यांनी सुरू केलेली पाहणी अजून दर महिन्याला टॅक्सीवाल्याला विचारते, 'कसे चालले आहे?' आपल्याकडे हा प्रश्न आपण रोजच एकमेकांना विचारतो, चहाच्या टपरीवर, नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, एस.टी.च्या रांगेत. उत्तरे मिळतात आणि हवेत विरून जातात. ती कोणीतरी दर महिन्याला, गावोगाव, नेमाने टिपून घ्यायला हवीत. शीत तपासायचे तर झाकण प्रत्येक पातेल्यावरचे काढावे लागेल.